अक्काचं जेवण आणि महाबळेश्वरचा सूर्य

लहानपणी आमच्या घरात कुणीही कुठल्याही गोष्टीचा शेवट पाहिलेला नाही. सर्कस पाहिली, पण सिंह पाहिले नाहीत, कारण सिंह शेवटी येत. जत्रेतल्या कुस्त्या पाहिल्या, पण पहिल्या नंबरची कुस्ती पाहिली नाही, कारण ती दिवस कलल्यावर लागे. शाळेच्या संमेलनात एकदा माझा धाकटा भाऊ राजपुत्र झाला होता. शेवटच्या प्रवेशात त्याला गादी मिळायची होती. त्याच्या आधीच्या प्रवेशानंतर अक्का त्याला मुकुटासकट घरी घेऊन आली. गादीवर कोण बसलं ते आम्हाला अजून माहीत नाही.

अक्का म्हणजे आमची आई. आम्ही कृष्णाकाठचे, सांगलीजवळचे जैन शेतकरी. दिवस बुडायच्या आत जेवायचं हा आमच्यातल्या पुष्कळ घरांचा नियम. आमच्या पिढीनं तो सैल केला, अक्कानं केला नाही. दिवस बुडाला की तोंडात काही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. जेवायचं तेही आपल्या घरचं, कांदा, लसूण, बटाटा नसलेलं आणि जमिनीवर नीट बसून. त्यामुळे आम्ही कुठंही गेलो तरी बाकीचे लोक रंगात येत असताना आम्ही चपला शोधत असायचो.

दिवस बुडाला की नाही हे ठरवायचं डोळ्यांनी. अक्काचा घड्याळावर विश्वास नव्हता. "त्याला चावी द्यावी लागते," ती म्हणायची. "सूर्याला कोण देतंय?" ती स्वयंपाकघरात जेवायला बसली की आमच्यापैकी एकजण माडीवरच्या गच्चीत पहाऱ्याला. खालून हाक यायची, "हाय का रं अजून?" वरून उत्तर जायचं, "हाय!"

पहिल्यांदा ही नोकरी भावाकडं होती. ज्या दिवशी घरात हुग्गी असे, म्हणजे खपली गव्हाची गूळ-खोबरं घातलेली खीर, त्या दिवशी सूर्य फार लवकर बुडायचा. ऊन अजून नारळाच्या शेंड्यावर असताना हा वरून ओरडायचा, "बुडाला!" अक्का हात आखडता घ्यायची आणि तिच्या वाटणीची उरलेली हुग्गी ह्याच्या पोटात जायची. एके दिवशी ती उष्ट्या हातानं थेट गच्चीत आली. सूर्य समोर, हा पाठमोरा, तोंडात आधीच चमचा. त्या दिवसापासून पहारा माझ्याकडं आला. वेळ पाळायची, याद्या करायची आणि दुसऱ्यांना घाई करायची सवय मला तिथंच लागली असावी. भाऊ मला अजून 'टॉवर' म्हणतो.

हे सगळं सांगायचं कारण मागच्या हिवाळ्यातली महाबळेश्वरची सहल.

तात्या, म्हणजे आमचे वडील, गेल्यापासून अक्का फारशी बाहेर पडत नव्हती. मग गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. गुडघे सुधारले, पण अक्का टीव्हीसमोरच्या खुर्चीतून हलेना. डॉक्टर म्हणाले, फिरवा. अक्का म्हणाली, "फिरते की. खुर्चीपासून न्हाणीपर्यंत." मी दर रविवारी सांगलीहून जायची आणि नवं ठिकाण सुचवायची. समुद्र दाखवते म्हटलं. तिनं आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही. ती म्हणाली, "टीव्हीत दिसतोय की." शेवटी मी फारच लावून धरलं तेव्हा तिनं पैज मांडली.

"एकदा येते," ती म्हणाली. "सकाळी न्यायचं, रात्री आणायचं. माझं संध्याकाळचं जेवण दिवस असताना झालं, तर म्हणशील तिथं येईन. न्हाई झालं, तर पुन्हा माझ्यापुढं सहलीचा विषय काढायचा न्हाई. मंजूर?"

"मंजूर," मी म्हणाले. सूर्याच्या वेळा पाळण्यात मला कोण हरवणार?

मी यादी केली. कडक भाकरी, शेंगदाण्याची बिनलसणाची चटणी, मुगाची उसळ, दही, हुग्गी, उकळून गाळलेलं पाणी, चटई, हात धुवायचा तांब्या, गुडघ्याची तेलाची बाटली, उशी. किती वाजता कुठं हेही लिहिलं. चार वाजता महाबळेश्वरात झाडाखाली चटई टाकून अक्काचं जेवण, साडेचारला परतीला. भावानं यादी वाचली आणि विचारलं, "ताई, श्वास कुठं घ्यायचा ते लिहायचं राहिलं का गं?" भावजय पलीकडं तोंडावर पदर धरून हसली. हा आता पन्नाशीला टेकलाय, ऊस लावतो, हळद विकतो, आणि तोंड अजून त्या राजपुत्राचंच.

निघालो. गाडी भाऊ चालवत होता, शेजारी अक्का, मागं मी, भावजय आणि डबे. कराड मागं पडलं आणि अक्का म्हणाली, "अगंबाई, माझा चष्मा राहिला."

"चष्म्याशिवाय काय अडतंय?" भाऊ म्हणाला.

"मग मी महाबळेश्वर कशानं बघणार? तुझ्या डोळ्यांनी?"

गाडी वळवायला जागा शोधली, वळवली, परत कराडपर्यंत आलो. तेवढ्यात भावजयीला अक्काच्या पिशवीत, रुमालाच्या घडीत, चष्मा सापडला. "तिथं कुणी ठेवला?" अक्कानं विचारलं, आणि आमच्याकडं अशी पाहू लागली की आमच्यापैकी कुणीतरी कबूल करावं.

साताऱ्यात तिला शेजारणींसाठी कंदी पेढे घ्यायचे होते. स्वतः बाहेरचं खात नाही, म्हणून आम्हाला चाखायला लावले. एका दुकानात चाखले, दुसऱ्यात चाखले, मग ती म्हणाली पहिलेच बरे होते, आणि पुन्हा पहिल्याकडं. मी घड्याळ पाहिलं की ती भावजयीकडं पाहायची. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

महाबळेश्वरला पोचल्यावर स्ट्रॉबेरीचा मळा. आमच्या यादीत तिथं थोडा वेळ होता. अक्का बांधावर बसली आणि मळेवाल्या बाईशी बोलू लागली. अक्काचं माहेर कवठे महांकाळकडचं, कोरडवाहू. पाण्याचा विषय निघाला की तिला कुणी उठवू शकत नाही.

"आवं आजी, पावसाळ्यात हितं दार उघडता येत न्हाई, एवढा पाऊस," बाई म्हणाली. "भिंतीला गवताचं झडप बांधून बसतो आमी."

"आणि आमच्या माहेरात ढग यायचे, बघायचे आणि जायचे," अक्का म्हणाली. "पावणे जसे. चहासुद्धा न घेता."

बाईनं पहिल्या वाफ्यातली रसरशीत फळं दिली. अक्कानं आपल्या बाटलीतल्या पाण्यानं धुऊन मोजकीच खाल्ली. मग तळं. होडीत बसायला ती नको नको म्हणत होती. बसल्यावर उतरेना. "आत्ताच तर बसले. आणखी एक फेरी मारू दे की त्याला." होडीवाल्यानं फेरी मारली. अक्कानं पाण्यात हात घातला, काढला, पुन्हा घातला. तात्यांबरोबर कधी अशी बसली होती का, विचारावंसं वाटलं, पण साडेतीन वाजून गेले होते.

चार वाजता मी ठरलेल्या झाडाखाली चटई टाकली. डबे उघडले. तांब्या भरला. अक्का चटईवर ऐसपैस बसली, डब्यांकडं पाहिलं आणि म्हणाली, "भूक न्हाई."

"अक्का, थोडं खाऊन घे."

"भूक न्हाई त्याला मी काय करू? फळं खाल्ली की."

भाऊ माझ्या कानाशी आला. "ताई, अक्का खेळतीय."

"काय खेळतीय?"

"तुझ्याशी. चष्मा, पेढे, होडी. पैज जिंकतीय ती. एकदा दिवस बुडाला की जन्मभर खुर्ची मिळाली तिला."

मी अक्काकडं पाहिलं. ती पानांमधून येणारं ऊन निरखत होती आणि तिचा चेहरा इतका निष्पाप होता की संशयाला जागाच उरली नाही. गच्चीत चमचा तोंडात धरून उभ्या असलेल्या पोराचा चेहरा कुणावर गेला होता, हे मला तेव्हा समजलं.

मी डबे बंद केले. वाटेत वाईला घाटाखाली थांबून जेवायला बसवू असं ठरवलं. तिथं पोचेपर्यंत भूक लागेल, ऊनही असेल. पण त्या दिवशी अख्ख्या पुणे-मुंबईला महाबळेश्वर आठवलं होतं. गावाबाहेर पडतो न पडतो तोच गाड्यांची रांग लागली. पुढची गाडी हलायची, आमची हलायची, मग दोन्ही उभ्या. दोन्ही बाजूंना दाट झाडी. सूर्य कुठंतरी झाडांमागं होता, कुठं ते दिसत नव्हतं.

"आता बघ," अक्का म्हणाली, "आता लागली भूक."

"मग गाडीतच खा."

"चपला घालून बसायच्या जागी ताट? शिकवलंय का असं मी कधी?" आणि मग, खिडकीतून बाहेर बघत, अगदी सहज, "राहू दे. एक दिवस न्हाई जेवलं तर काही मरत न्हाई माणूस. पैज काय, गंमत होती."

गंमत म्हणताना ती हसली नाही, हे माझ्या लक्षात आलं. होडीतून उतरल्यापासून ती पदर बोटाभोवती गुंडाळत होती, तसाच आताही. जिंकायला आलेलं माणूस असं गप्प बसत नाही.

भावानं एकदम स्टिअरिंग वळवलं. आमच्या उलट्या दिशेचा रस्ता मोकळा होता. गाडी गर्रकन फिरली, भावजयीच्या मांडीवरचा दह्याचा डबा माझ्या मांडीवर आला.

"अरे कुठं?"

"पश्चिमेकडच्या पॉइंटला. तिथं सूर्य शेवटपर्यंत दिसतो. लोकं लांबून बघायला येतात."

"बुडताना बघायला?" अक्कानं विचारलं. "त्यात काय बघायचं?"

आणि मी मागं बसून मनातल्या मनात माझी यादी वरपासून खालपर्यंत वाचत होते. महाबळेश्वरला येणारा प्रत्येक माणूस जी गोष्ट बघायला जातो, ती माझ्या यादीत नव्हतीच. राहून गेली नव्हती; सुचलीच नव्हती. सूर्यास्त ही बघायची गोष्ट असते, हे आमच्या घरात कुणाच्या डोक्यात कधी आलेलं नाही. आमच्याकडं सूर्यास्त म्हणजे स्वयंपाकघर बंद.

पॉइंटवर गर्दी होती. घोडेवाले, कणीसवाले, काठावर फोटो काढणारे. पायवाटेवर एक घोडेवाला म्हणाला, "आजीला बसवा की वर."

"गुडघे नवे हायत बाबा, घोडा नको," अक्का म्हणाली आणि काठी टेकत चालू लागली. मी तिला इतकं भरभर चालताना ऑपरेशनच्या आधीही पाहिलं नव्हतं.

रेलिंगजवळ गर्दीच्या मागं एक सपाट जागा मिळाली. भावजयीनं चटई टाकली. अक्काचे हात धुतले. भाकरी, चटणी, उसळ, दही, वाटीत हुग्गी. सगळं मांडलं, आणि लक्षात आलं की समोर माणसांची भिंत आहे. अक्काला सूर्य दिसत नव्हता.

भाऊ शेजारच्या दगडी कठड्यावर चढला. "हाय!" त्यानं वरून ओरडून सांगितलं. "लय हाय अजून! खा निवांत!"

अक्कानं घास हातात धरला तो तोंडात घातलाच नाही. "तू उतर," ती म्हणाली. "तुझं मला माहीत हाय."

"अगं अक्का, तवा बुडाला म्हणायचो, आता हाय म्हणतोय!"

"खोटं ते खोटंच, उलटं केलं म्हणून खरं होत न्हाई. ताई, तू चढ."

मी पन्नाशी ओलांडलेली बाई. साडी नेसलेली, पायात मोजे, गळ्यात चष्म्याची दोरी. मी चढले. भावानं खालून ढकललं आणि "टॉवर चालू झाला" असंही म्हणाला. वर उभी राहिले. सूर्य समोर होता, क्षितिजाच्या वर, मोठा आणि तांबडा.

"आहे," मी म्हणाले. अक्का खाऊ लागली.

"मावशी, प्लीज खाली बसता का? फोटोत येताय," गर्दीतली एक मुलगी म्हणाली.

"नाही बसता येत. माझी आई जेवतेय."

तिनं मान वळवून पाहिलं. मग तिच्या मैत्रिणींना सांगितलं. मग मैत्रिणींनी इतरांना. अर्ध्या पॉइंटला कळलं की मागं एक आजी सूर्याशी शर्यत लावून जेवतायत. माणसांची भिंत मधोमध फाटली आणि अक्काला सूर्य दिसू लागला. आता माझी गरज नव्हती, पण खाली उतरवायलाही कुणाला वेळ नव्हता.

"आवं आजी, दमानं," कणीसवाला म्हणाला, "ठसका लागंल. त्यो काय पळून जात न्हाई."

"पळूनच चाललाय की," अक्का भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली.

भाकरी संपली. उसळ संपली. तिनं हुग्गीची वाटी पुढं ओढली, आणि तेवढ्यात सूर्य क्षितिजाच्या जरा वरच्या एका काळसर ढगाच्या पट्ट्यात शिरला. शिरला आणि दिसेनासा झाला. गर्दीतून एक हळहळ उठली. दोघं-तिघं कॅमेरे बंद करून निघालेसुद्धा.

"बुडाला?" भावजयीनं विचारलं.

भावानं माझ्याकडं पाहिलं. मी अक्काकडं. अक्काचा नियम साधा होता, आणि तो तिनंच केलेला होता. डोळ्यांनी दिसतोय तोवर. आता दिसत नव्हता. तिचा हात वाटीवर थांबला. तिनं तेव्हा वाटी खाली ठेवली असती तर पैज तिची होती. खुर्ची, टीव्ही, न्हाणीपर्यंतची फेरी, सगळं तिचं. मी कठड्यावरून काहीही बोलले नसते. तिला ते माहीत होतं.

तिनं ढगाकडं पाहिलं. मग पलीकडं, जिथं कोकणाचे डोंगर एकामागं एक धूसर होत गेले होते, तिकडं पाहिलं.

"ढगात गेला म्हणजे बुडाला होत न्हाई," ती म्हणाली. "असं धरलं तर पावसाळ्यात चार महिने उपाशी राहायला पाहिजे माणसानं." आणि हुग्गीचा मोठा घास तोंडात घातला. "ढगाचं मला सांगू नका. माझ्या माहेरी आयुष्यभर येऊन जातानाच बघितलेत."

भाऊ खदखदून हसला. ती खात राहिली. वाटी संपवली, बोटांनी पुसून संपवली. भावजयीनं पाण्याचं भांडं पुढं केलं, तिनं गटागटा पाणी प्यायलं आणि तोंड पुसलं. तेवढ्यात सूर्य ढगाच्या खालच्या कडेनं बाहेर आला, नुसता लाल, डोळे न दिपवणारा. निघालेले लोक धावत परत आले. सूर्य डोंगराच्या रेघेला टेकला, अर्धा गेला, नखाएवढा राहिला, आणि गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

अक्का दचकली. "ह्यांना काय झालं? जेवले म्हणून टाळ्या?"

"हो," कणीसवाला म्हणाला. "पैलं बक्षीस तुमास्नी."

मला उतरवण्यात आलं. डबे आवरायचे होते, पार्किंगमधून गाडी गर्दीच्या आधी काढायची होती. मी सवयीनं "चला" म्हणाले.

"बस गं," अक्का म्हणाली. "जेवण झालंय आता. कशाची घाई?"

आम्ही बसलो. चौघंही, चटईवर, उजेड जाईपर्यंत. आकाश लाल झालं, जांभळं झालं. आम्हाला कुणालाच पुढं काय होतं हे माहीत नव्हतं, म्हणून आम्ही नीट बघत होतो. बऱ्याच वेळानं भाऊ अचानक सावरून बसला.

"अक्का, म्हणजे तेव्हा जत्रेत डबा घेऊन गेलो असतो, तर पहिल्या नंबरची कुस्ती बघता आली असती!"

"आली असती."

"सिंह दिसले असते! मला गादी मिळाली असती! डबा का न्हाई नेलास कधी?"

अक्कानं त्याच्याकडं शांतपणे पाहिलं. "तू शेजारी बसलेला असताना," ती म्हणाली, "डबा संध्याकाळपर्यंत टिकला असता व्हय रं?"

भावजय इतकी हसली की तिला ठसका लागला. भावानं बाजूला तोंड केलं. मी त्याच्या हातातली हुग्गीची रिकामी वाटी पाहिली. ती अक्कानं पुसून संपवली होती, तरी तो बोटानं कडा चाचपत होता.

उठताना अक्कानं माझा हात धरला. काठी भावजयीकडं दिली. वाटेवर अंधार पडत होता, पण ती घाईत नव्हती. मध्येच थांबून तिनं मागं, पश्चिमेला पाहिलं.

"ते डोंगर संपले की समुद्र का?"

"हो."

"मग तिथं अजून बुडाला नसंल."

"इथल्यापेक्षा थोडा उशिरा बुडत असेल."

"मग बरं," ती म्हणाली. "तिथं निवांत जेवता येईल." दोन पावलं गेल्यावर ती पुन्हा थांबली. "यादीत लिही, पाण्याची बाटली मोठी घ्यायची. आणि ह्याला हुग्गीचा डबा वेगळा. माझ्या डब्यापासून लांब."